सव्वा हाताची होडी

माझ्या वडिलांनी आयुष्यात जेवढ्या होड्या बांधल्या, त्यांतली एकच फुटली, आणि ती कधी पाण्यात उतरलीच नव्हती.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका कचेरीत मी कारकून होतो. म्हणजे टेरिलीनचा शर्ट घालून दुसऱ्यांची पत्रं टाइप करायचो. एडवणला माझे वडील होड्या बांधतात, हे मी कचेरीत कुणाला कळू दिलं नव्हतं. पण मुंबईच्या एका संग्रहालयाला मासेमारी होडीची हुबेहूब लहान प्रतिकृती हवी आहे असं कानावर आलं आणि माझ्यातला पितृभक्त एकदम जागा झाला! (संग्रहालयाला जाणाऱ्या पत्राखाली माझी इंग्रजीत सही जाणार होती, हेही एक कारण.)

बाबांनी तोवर काम सोडलं होतं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

"सव्वा हाताची होडी? पोरांच्या खेलाची काय?"

"खेळायची नाही बाबा. काचेच्या पेटीत ठेवणार. खाली पाटी, आणि पाटीवर तुमचं नाव."

 बाबांनी बांधलेल्या होड्यांवर मालकाच्या देवीचं नाव असायचं, नाहीतर मालकाच्या आईचं. बांधणाऱ्याचं नाव कोण लिहितो?

"माजं नाव? लिवनार नक्की?"

"नक्की लिहिणार!"

सात महिने म्हातारा खपला. मोठ्या होडीला असते ती प्रत्येक फळी, प्रत्येक बाक त्या सव्वा हातात होता. दिसत नव्हतं तिथे बोटांनी चाचपून सांधे बसवले. जुन्या धोतराचं शीड शिवलं. शेवटी, कुठल्याही होडीला पाजतात तसं, माशाचं तेल तिला तीनदा पाजलं.

आता संग्रहालयाच्या साहेबांनी होडी एडवणला जाऊन पाहायची की नाही? पण एडवणच्या घरी टेबलफॅन नव्हता, माझ्या बोईसरच्या बिऱ्हाडात होता! म्हणून बाबा होडी मांडीवर घेऊन एसटीनं बोईसरला आले. (कंडक्टरनं होडीचं अर्धं तिकीट फाडलं.) ती टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सायबासमोर दाढी वाढलेली बरी नाय दिसत," आणि न्हाव्याकडे गेले.

ते वळले आणि शेजारचे जोशी नाकाला उपरणं लावून दारात हजर! जोशी साताऱ्याचे.

"काय हो, तुमच्याकडे उंदीर-बिंदीर मेलाय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जोशींची ही अवस्था, तर मुंबईचे साहेब उंबऱ्यातूनच परत जातील! मी बायकोला पाणी उकळायला सांगितलं आणि धुण्याचा साबण काढला.

"बाबांना इचारा आदी," ती म्हणाली.

"त्यांना काय विचारायचं? त्यांना संग्रहालयातलं काय कळतं?"

(मी तोवर एकही संग्रहालय पाहिलं नव्हतं.)

उकळतं पाणी ओतून मी काथ्यानं होडी घासली. तीन वेळा पाजलेलं तेल तीन बादल्यांत उतरलं. वास मात्र पुरता गेला नाही, वर साबणाचा मिसळला! होडी ओली, साहेबांची गाडी यायची वेळ झालेली. मी शेगडी पेटवली आणि होडी तिच्यावर धरली.

फट्!

"काय झालं ओ?" बायकोनं आतून विचारलं.

"काही नाही!"

फट्! फट्!

"आता?"

"काही नाही म्हटलं ना!"

पुढच्या टोकाला, नाळेजवळच्या दोन फळ्या उचकटून वर आल्या होत्या. त्या दाबल्या तर खालची आडफळी निखळली. मग मी कचेरीतून कधीतरी घरी आणलेली लाख काढली, सरकारी पाकिटांना लावतात ती तांबडी, आणि वितळवून भेगांत ओतली. एक थेंब शिडावर पडला, तो पुसायला गेलो तर शीडच शेगडीत गेलं!

बाबा परतले ते गुळगुळीत दाढी करून, नवी टोपी घालून. त्यांनी सवयीनं होडीवरून हात फिरवला. हात नाळेपाशी थांबला.

"तेल कुटं गेलं?"

"वास येत होता बाबा..."

त्यांनी नवी टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साहेब आले, आणि येताच नाकानं हवा ओढू लागले. "अरे, हा तर साबणाचा वास! माशाचं तेल लावलं नाही? आम्हाला अगदी अस्सल, वासासकट हवी होती!"  मग त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा खुलला. "पण फुटलीय फार छान! ही अशीच द्या."

पावसाळ्यानंतर मी बाबांना संग्रहालय दाखवायला नेलं. साहेब स्वतः दाखवायला आले. काचेची पेटी होती, दिवा होता, पाटीही होती.

"वाच," बाबा म्हणाले.

मी वाचलं, "वादळात सापडून फुटलेली मासेमारी होडी. कारागीर : धाकू, एडवण."

"कोन्तं वादल?"

 बाबांनी साहेबांकडे तोंड वळवलं. "सायेब, चालीस होड्या बांदल्या मी. समिंदरानं येक नाय फोडली. त्याच्यावर कशाला घालता? खरं काय ते लिवा."

"मग काय लिहू बाबा?" साहेबांनी विचारलं.

"लिवा, पोरानं धुतली."

साहेब खो खो हसले. साहेब हसले म्हणून मीही हसलो. शिकलेल्या माणसाला तेवढं कळतं!