सात कुलपांची होडी

चोरांच्या कर्तबगारीवर माझ्या साडूंचा जेवढा विश्वास आहे, तेवढा खुद्द चोरांच्या आयांचाही नसेल. त्यांच्या मते जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात: चोरीला गेलेल्या आणि चोरीला जाणार असलेल्या. जागच्या जागी असलेली वस्तू हा निव्वळ भास. बाहेर पडताना ते दाराला कुलूप लावतात, ओढून बघतात, चार पायऱ्या उतरतात, परत चढून पुन्हा ओढतात, आणि रिक्षात बसल्यावर बायकोला विचारतात, "मी ओढलं ना गं?" त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आम्ही तिला ताई म्हणतो. ती इतक्या वर्षांच्या सवयीनं खिडकीबाहेर बघत म्हणते, "ओढलंत. आता मला ओढू नका." लग्नाला गेले की साडू एक बूट मांडवाच्या या टोकाला काढतात आणि दुसरा त्या टोकाला. जोड मिळाली नाही तर चोर नेईल कशाला, हा हिशेब. उल्हासनगरच्या एका लग्नात दुसरा बूट नेमका कुठे ठेवला ते त्यांनाच आठवेना. वरातीत एक पाय बुटात आणि एक मोज्यात घालून ते नाचत होते. मी हळहळ दाखवली तर म्हणाले, "गेला तर गेला साडूभाऊ, पण चोराला नाही ना मिळाला!"

हा स्वभाव काही आभाळातून पडलेला नाही. अंबरनाथ एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते, आणि त्या एकतीस वर्षांत स्टोअरमधून साधा वॉशर गेला नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. नवा पाना हवा असेल तर आधी चिठ्ठी, चिठ्ठीवर फोरमनची सही, आणि जुना पाना मोडला असेल तर त्याचे दोन्ही तुकडे. एका फिटरनं सांगितलं की एक तुकडा गटारात पडला. साडूंनी त्याला गटार दाखवलं. तो पठ्ठ्या दुपारपर्यंत गटारात होता, आणि तुकडा घेऊनच वर आला. निवृत्त झाले तरी फोन उचलला की अजून तोंडातून निघतं, "जय भीम, स्टोअर." घरात साबणाची नवी वडी हवी असेल तर जुनीची चकती दाखवावी लागते, ती अंगठ्याच्या नखाएवढी झालेली असली पाहिजे. मी त्यांच्याकडे मुक्कामाला जाताना साबण घेऊन जातो.

अशा माणसानं निरोप समारंभात साहेबांनी "तुम्हाला काय भेट देऊ?" असं विचारल्यावर होडी मागितली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण मोरिवली गावची दोन माणसं मोल्डिंग खात्यात होती. त्यांनी टाक्यांच्या उरलेल्या फायबरमधून चौदा फुटी, दोन्ही टोकांना निमुळती, हळदीसारखी पिवळी होडी बनवून दिली. तिला इंग्रजीतल्यासारखं कनू म्हणायचं असं साडू सगळ्यांना बजावून सांगतात. सगळे होडीच म्हणतात. मी एकदा विचारलंच, "साडूभाऊ, हे कुठलं खूळ?" मग म्हणाले, "उल्हास नदीच्या पुलावरून एकदा दोन पोरं अशी जाताना बघितली. बघा, एकतीस वर्षं मी वस्तू दिल्या. ड्रिल दिलं, पंप दिला, दोर दिला. वापरल्या सगळ्या दुसऱ्यांनी. एक तरी वस्तू मला स्वतःला वापरून बघायचीय." मला क्षणभर भरून आलं. तेवढ्यात इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला, "पण चोरीला गेली म्हणजे?"

साडू बदलापूर पूर्वेला शिरगावात दुसऱ्या मजल्यावर राहतात. चौदा फुटी होडी जिन्यातून वर नेण्याचा प्रयत्न झाला. पहिल्या वळणावर ती अशी अडकली की वरच्या दोन मजल्यांचा तासभर जगाशी संबंध तुटला आणि दूधवाल्यानं पिशव्या खालून फेकल्या. तेव्हापासून ती त्यांच्या जुन्या निळ्या गाडीच्या टपावर, सोसायटीच्या मागच्या पार्किंगमध्ये राहू लागली. आणि रोज रात्री तिला चोरांपासून वाचवणं हे साडूंचं आयुष्यातलं दुसरं स्टोअर सुरू झालं.

पहिल्यांदा त्यांनी उल्हासनगरच्या बाजारातून साखळ्या आणि सात कुलपं आणली. घरी येऊन बघतात तो कुठलीही किल्ली कुठल्याही कुलपाला लागते. तसेच तणतणत परत गेले, मीही बरोबर होतो. दुकानदार सिंधी, वयस्कर, अत्यंत प्रेमळ. म्हणाला, "साईं, नाराज क्यों होते हो? ये तो आपका फायदा है. एक चाबी गुम हो गई तो बाकी छे हैं!" साडूंनी घरी येऊन "सहा जादा किल्ल्या म्हणजे सहा चोर" असं म्हणत सहा किल्ल्या हातोडीनं चेपल्या आणि एकच ठेवली. साखळ्या टपावरून, खिडक्यांतून, सीटखालून अशा फिरवल्या की गाडीत बसायचं म्हणजे आधी जाळ्यात शिरायचं. मग होडीच्या दोराला स्टीलचे पेले बांधले, हात लागला की वाजावेत म्हणून. ते मांजरांना फार आवडले. पहिल्या आठवड्यात सोसायटी रोज पहाटे तीनला उठत होती. पेले गेले, मिरचीची पूड आली. ती होडीच्या काठाला चोपडली, आणि सकाळी ते विसरून साडूंनी काठाला हात लावला आणि त्याच हातानं डोळे चोळले. ताई म्हणाली, "बघा, चोर सापडला."

या सगळ्यात होडी पाण्यात पडली नाही ती नाहीच. दोनदा नदीपर्यंत गेली. पहिल्यांदा सात कुलपं काढेपर्यंत ऊन वर आलं, काठावर गाड्या धुणारे जमले, आणि साडू "इतक्या संशयितांसमोर नको" म्हणून परत फिरले. दुसऱ्यांदा काठावर उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण होडीत बसलो तर गाडीजवळ कोणी नाही, आणि गाडीजवळ थांबलो तर होडीत कोणी नाही. दीड वर्ष असंच गेलं. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले, सोमवार ठरला, आणि वर बजावलं की यापुढे मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, होडीत पाय दुमडून बसणं तर स्वप्नातही नाही. साडूंनी मला फोन केला. "जय भीम, स्टोअर. साडूभाऊ, रविवार एकच उरलाय. पहाटे साडेपाचला या. तुम्ही गाडीजवळ थांबायचं." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच चोरांची नाही, वेगळीच भीती ऐकली.

आता या शेवटच्या रात्री काही घात होऊ नये म्हणून त्यांनी जी व्यवस्था केली तिला तोड नाही. शुक्रवारी पहाटे होडी अंबरनाथला माझ्या घरामागच्या शेडमागे लपवली आणि सोसायटीभर सांगितलं की ती मोरिवलीच्या त्या दोघांना देऊन टाकली. शनिवारी दुपारी पिशवी घेऊन सगळ्यांचा निरोप घेतला, आजच गुडघ्यांसाठी दवाखान्यात दाखल होतोय म्हणून. गाडी घेऊन निघाले ते अंधार पडेपर्यंत माझ्याकडे चहा पीत बसले होते. रात्री होडी टपावर चढवून गुपचूप परतले, पहाटे लवकर निघता यावं म्हणून गाडी पुढच्या फाटकापाशी लावली, साखळ्या फिरवून सातही कुलपं घातली, आणि होडीचा पिवळा रंग दिसू नये म्हणून ताईच्या दोन जुन्या पांढऱ्या चादरी तिला गुंडाळल्या. स्टोअरमधल्या सवयीनं वर दर हातभर अंतरावर सुतळीच्या गाठी मारल्या. मग ताईला वर झोपायला पाठवून स्वतः मागच्या सीटवर आडवे झाले. पायाच्या अंगठ्याला एक दोरी बांधली, दुसरं टोक खिडकीतून वर होडीला.

पहाटे मी स्कूटरवरून पोहोचलो तर सोसायटीतले सगळे दिवे लागलेले. फाटकापाशी पंचवीस-तीस माणसं, बहुतेक पांढऱ्या कपड्यांत, खाली मान घालून उभी. गाडीच्या टपावर काहीतरी लांब, पांढऱ्या कापडात, सुतळीनं बांधलेलं. सेक्रेटरींनी माझा हात धरला. "काय हो हे! कालच हसत गेले आमच्यासमोरून. गुडघ्यानं माणूस जातं का कधी? रात्रीच आणलं वाटतं. ताईंना अजून उठवलं नाही, म्हटलं तेवढीच झोप मिळू दे. भंतेजींना निरोप गेलाय." मला सगळी योजना ठाऊक होती. टपावर काय असणार हेही ठाऊक होतं. तरी सांगतो, त्या अंधुक उजेडात माझ्या डोक्यात एकच आलं: राहिलंच की यांचं होडीत बसणं.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी डोळे पुसत एक अगरबत्ती लावली आणि गाडीच्या वायपरमध्ये खोचली. धूर अर्ध्या उघड्या काचेतून आत गेला. आत साडूंना जाग आली असावी, कारण त्यांनी पाय ओढला. टपावरचं ते पांढरं लांबलचक प्रकरण सर्वांच्या देखत हललं.

काकूंनी जी धाव घेतली ती मी शाळेच्या मैदानावरही बघितली नव्हती. तीस माणसांचा घोळका क्षणात पाण्याच्या टाकीमागे. काच खाली झाली, विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. "कोण आहे रे? होडीला हात लावाल तर याद राखा!"

टाकीमागून काकूंचा आवाज आला, "अहो, तुम्ही गेलात ना?"

"साडेपाचला जाणार होतो," साडू हादरून म्हणाले, "पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

गलबला ऐकून ताई खाली आली. पांढरे कपडे, अगरबत्ती, चेहरे, सगळं बघून म्हणाली, "कोणाचं झालं?" सेक्रेटरी चाचरत म्हणाले, "तुमच्या यांचं... म्हणजे तसं वाटलं." ताईनं नवऱ्याकडे एक नजर टाकली. "त्यांना वेळ कुठाय मरायला? कुलपं लावायची असतात."

आणि मग कळलं की किल्ली नाही. इतक्या सुरक्षित जागी ठेवली होती की खुद्द साडूंना सापडेना. खिसे झाले, डबे झाले, तांदळात हात घालून झाले. पूर्वेला उजाडायला लागलं. साडू साखळ्यांसमोर उभे होते, लाइफ जॅकेट घालून, हात लोंबकळत. "राहू द्या साडूभाऊ," ते म्हणाले, "नसेल नशिबात." चोरांबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

सेक्रेटरींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खिशातून सोसायटीच्या गच्चीची किल्ली काढली आणि एका कुलपात घातली. खट्कन उघडलं. काकू पुढे आल्या, त्यांच्या सिलिंडरच्या साखळीची किल्ली दुसऱ्याला लागली. तिसरं कोणाच्या तरी सायकलच्या किल्लीनं, चौथं माझ्या स्कूटरच्या डिकीला लावलेल्या कुलपाच्या. सगळ्यांची कुलपं उल्हासनगरची, बहुधा त्याच प्रेमळ माणसाकडची. सात कुलपं मिनिटात सुटली. साडूंचा चेहरा बघण्यासारखा होता.

"म्हणजे दीड वर्ष... सगळ्यांकडे किल्ली होती?"

"होती की," सेक्रेटरी म्हणाले.

"आणि कुणीच नेली नाही?" आवाजात चक्क दुखावल्याची छटा.

"नेऊन करणार काय हो? आमच्या घरालाही जिना तोच आहे."

गाड्या धुतात त्या काठाचा रस्ता लांबच्या वळशाचा, आणि उशीर तर झालेलाच; नदीकडे थेट उतरणारी जवळची वाट गाडीच्या उपयोगाची नाही आणि साडूंच्या गुडघ्यांच्याही नाही. उठून आलेलीच होती माणसं, चौघांनी होडी खांद्यावर घेतली, बाकीचे मागे. शंभर पावलं झाली की सवयीनं कोणीतरी म्हणायचं, "खांदा बदला रे." वळणावर पहिल्या पाळीचे कामगार घेऊन निघालेली रिक्षा थांबली, ड्रायव्हरनं आणि आतल्या चौघांनी हात जोडले. मागून वल्हं घेऊन लंगडत येणाऱ्या साडूंनी सगळ्यांच्या वतीनं "जय भीम" केला. हसू दाबण्यात सेक्रेटरींना उचकी लागली ती काठापर्यंत.

साडूंना होडीत बसवायला दोघे लागले, एकेक गुडघा हातांनी दुमडून. मी त्यांचा फोन, चपला, चष्म्याचं घर असं सगळं सांभाळायला घेतलं. होडी आधी जागच्या जागी दोन गिरक्या फिरली, जलपर्णीत नाक खुपसून बसली, मग सुटली. गाडी तिकडे फाटकापाशीच होती, तरी "गाडीवर लक्ष ठेवा!" असं ते एकदा ओरडले, पण मान न वळवता. हळूहळू वल्ह्याला लय आली. लोक टाळ्या वाजवून झाल्यावर रविवारचं दूध-पाव आणायला पांगले आणि काठावर मी एकटा उरलो.

अर्ध्या तासात येतो म्हणाले होते. तास झाला, वर पाऊण तास झाला. ऊन चढलं, खालच्या अंगाला गाड्या धुणारे आले. ताईचा फोन आला, "आले का? उद्यासाठी पिशवी भरायचीय अजून. हाक मारा त्यांना." मी हो म्हटलं आणि तोंडाशी हातांचा कर्णा केला. पात्राच्या मधोमध पिवळी होडी स्वस्थ होती. वल्हं आडवं मांडीवर, दोन्ही दुमडलेल्या गुडघ्यांवर दोन हात, जसे एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावेत तसे.

मी हात खाली घेतले आणि काठावरच्या दगडावर बसलो.