चौथ्या खाचेवरची गिटार

त्या काळी बारामतीत माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ असलेली घरं थोडी, त्यात बिघडणारे रेडिओ आणखी थोडे, म्हणून जोडीला लग्नासभांना लाउडस्पीकर लावून द्यायचो. माझा एक मित्र साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून होता. सुटी मिळाली की सायकल काढून दुकानात येऊन बसायचा. त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून एक गिटार आणली होती; मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची, त्या जातीची. वाजवायचा बरा, पण आवाज इतका नाजूक की समोरून टांगा गेला तरी बुडायचा.

"हिला कर्ण्यातून बोलती कर," तो म्हणाला.

मायक्रोफोन समोर धरून पाहिला. गिटारपेक्षा त्याचा श्वासच जास्त ऐकू आला. मग फौजेच्या भंगारातले हेडफोन आठवले. कानावरच्या दोन्ही डब्या उघडून आतला पातळ पत्रा काढून टाकला. राहिलं लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उठते, ती अँप्लिफायरला द्यायची. एक डबी तारांखालच्या घोडीजवळ बसवली, दुसरी मधल्या भोकाजवळ. पहिलीचा आवाज चिरका, दुसरीचा गोल आणि जाड.

मित्राला दोन्ही हवे होते, आणि वाजवता वाजवता बदलता यायला हवे होते. म्हणून मी एका मेलेल्या रेडिओचा बँड बदलायचा स्विच काढून गिटारला ठोकला. त्याला चार खाचा. पहिल्या दोन एकेका डबीच्या, तिसरी दोन्हींची मिळून. तिसरीनं छळलं. दोन्ही डब्या जोडल्या की आवाज वाढायचा सोडून पोकळ व्हायचा, जणू दोघी एकमेकींचं बोलणं खोडत होत्या. मी अँप्लिफायरला भरपूर शिव्या दिल्या. शेवटी एका डबीच्या दोन तारांची अदलाबदल केली, आणि आवाज असा उसळला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला.

चौथी खाच रिकामी राहिली. रिकामी खाच मला बघवेना. गिटारच्या पोटात मी जुन्या टेलिफोनचा बोलायचा भाग आणि टॉर्चचा सेल बसवला. लाकडावर थाप मारली की ढोलकीसारखी घुमावी, हा हेतू. घुमलीही. पण चौथ्या खाचेवर गिटारजवळ कुणी कुजबुजलं तरी ते कर्ण्यातून लख्ख ऐकू येतं, हेही कळलं. मित्र म्हणाला, "हे बरं नाही." मला ते फारच बरं वाटलं होतं.

पुढच्याच महिन्यात मित्राच्या चुलत बहिणीचं लग्न बावड्याला निघालं. मुलगा सांगवीचा. मुलीच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. गावात वीज नव्हती. अँप्लिफायर मोटारीच्या बॅटरीवर चालवला आणि कर्णा लांबच्या लिंबाला बांधला, कारण गिटारजवळ आणला की शिट्टी मारायचा.

मुलाचे मामा कानानं जरा जड होते. सकाळपासून त्यांनी खुसपटं काढायला सुरुवात केली होती. पाणी गार नाही, मांडव बुटका. गिटार दिसल्यावर म्हणाले, "ह्यो लाकडी भोपळा कशापायी आनलाय?"

अक्षता पडल्या. मित्रानं वाजवायला घेतलं, लोक खूष झाले. शेवटी चौथ्या खाचेवर नेऊन त्यानं अशी काही थाप वाजवली की पोरं नाचायला लागली. एवढ्यात पंगत बसली, त्याला वाढायला हाक आली. मांडवाच्या कनातीमागे एक बाज होती, तिच्यावर गिटार टाकून तो पळाला. खाच तशीच.

थोड्या वेळानं कर्ण्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला. पंगत लिंबाकडे बघायला लागली.

"ऐक. ताट वाढलं की हात लावायचा न्हाय. त्वांड पाडून बसायचं." आवाज मामांचा होता.

"कशापायी मामा?" हा नवरदेव.

"रेडिओ पायजे म्हनायचं. सासरा पाया पडला तरी उठायचं न्हाय."

"पर आपल्याकडं लाईट कुठं हाय?"

पंगतीत खसखस पिकली. मित्र हातात भाताचं पातेलं घेऊन मला लांबूनच खुणा करत होता, बंद कर, बंद कर. माझा हात बटणावरच होता. मी बटण फिरवलं, वाढवायच्या बाजूला.

"मामा," नवरदेव म्हणाला, "झाडातनं तुमचा आवाज येतुया."

"इषय बदलू नगंस. येक दीस उपाशी ऱ्हायलास तर मरत न्हाईस."

"मी ऱ्हाईन वो. पर ती बी सकाळपास्नं उपाशीच हाय न्हवं? मी जेवलो न्हाय तर ती कशी जेवंल?"

हसणं एकदम थांबलं. बायकांच्या घोळक्यात नवरी मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतेय. मुंडावळ्या बाजूला झाल्या तेव्हा दिसलं, पोट धरून हसत होती. तिची आत्या मोठ्यानं ओरडली, "जावईबापू, या भाईर! दोगांचंबी ताट वाढलंय!"

नवरदेव लालबुंद होऊन कनातीमागून आला आणि मुकाट पाटावर बसला. मागून मामा आले. सगळा मांडव आपल्याकडे का बघतोय हे त्यांना कळेना. तात्या हात जोडून सामोरे गेले.

"मामासाहेब, रेडिओचं बघू निवांत. आदी जिलबी खावा."

मामांनी जिलबी खाल्ली. शेजारच्यानं लिंबाकडं बोट दाखवत त्यांच्या कानाशी काय झालं ते सांगितलं. हात धुतले आणि थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ह्ये तुजं काम."

"माझं कसलं मामा? तुम्हीच म्हणालात ना, लाकडी भोपळा आहे म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मला वाटलं, आता बसते थोबाडीत. पण ते वाकले आणि हळूच म्हणाले, "आवाज कसा येत हुता माजा?"

"खणखणीत. शेवटच्या माणसापर्यंत."

"व्हय?" मामांनी फेटा सारखा केला आणि मिशीवरून हात फिरवत वऱ्हाडात निघून गेले. पुढं सांगवीत ग्रामपंचायतीची सभा झाली, तेव्हा लाउडस्पीकर माझाच लावावा असा त्यांनी हट्ट धरला, आणि बॅटरी उतरेपर्यंत भाषण केलं.

मित्रानं मात्र अबोला धरला. लग्नाचं वाटोळं झालं असतं, हे त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. दिवाळसणाला बहीण माहेरी आली, तेव्हा त्यानं तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कसली दादा? बघायला आले तवा ह्ये येक शबुद बी बोलले न्हवते. पैला आवाज ऐकला त्यो झाडातनं. तवाच म्हनलं, मानूस बरा हाय."

दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन दुकानात आला. मला वाटलं, चौथी खाच काढून टाकायला सांगणार. त्यानं गिटार टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पोटातला सेल उतरलाय. नवा घाल."