खडकावरचा जोड

शहागडला गंगेत कुणी पायताण घालून उतरत नसे. गोदावरी ती पुस्तकात, आमच्यासाठी गंगाच. काठाला एक काळा, बसका खडक होता. पोहणारा असो, धुणारी असो की मासे धरणारा, चपला त्या खडकावर काढायच्या आणि मगच पाण्यात पाय घालायचा. दिवस मावळला की नावाडी नाव बांधायच्या आधी खडकाकडं बघायचा. एखादा जोड दिसला की पाण्याकडं तोंड करून हाक मारायचा, "कोण हाय?" पाण्यातून "हाय, येतो" असं आलं की तो घरी जायला मोकळा. उत्तर नाही आलं, तर तो पुन्हा नाव सोडायचा आणि गाव कंदील घेऊन काठाला यायचं.

त्याच खडकाच्या कडेला बायकी चपलांचा एक जोड कायमचा पडलेला असे. उन्हानं त्याचे पट्टे आखडून वर आले होते. त्या जोडासाठी मारलेल्या हाकेला उत्तर आलं नव्हतं, एवढंच आम्हा पोरींना माहीत. तो कुणी उचलत नसे आणि संध्याकाळच्या हाकेसाठी मोजतही नसे. पूर ओसरल्यावर तो पुन्हा तिथंच कसा दिसतो, असं मी विचारलं की माय म्हणायची, "तुला लई चौकशा."

आमचे आप्पा शाळेत मास्तर. आम्ही बौद्ध, घरात देवघर नाही, मग भूतखेत कुठून असणार. आप्पांना नाद एकच, गळाचा. बहात्तरचा दुष्काळ सरून गंगेला पाणी आलं तसा तो फारच वाढला. गांडूळ लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. कोंबडीचं बारीक पीस गळाला दोऱ्यानं असं गुंडाळायचे, की पाण्यावर माशी बसलीय असं माशाला वाटावं. ती माशी धारेत टाकायची तर मांडीएवढ्या पाण्यात तास न् तास उभं राहावं लागे. माय म्हणायची, "बगळा बरा. त्यो पोट भरल्यावर उडून तरी जातो."

मग एकदा शिंपल्यानं त्यांची टाच कापली. जखम भरेचना. रक्तात साखर निघाली. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं, की पुन्हा पायाला काही लागलं तर पाय काढावा लागेल, अनवाणी पाण्यात जायचं नाही. आप्पांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला, की जोडे घालून जायचं. असा माणूस. मायनं कपाळाला हात लावला.

झालं, जोड्यांचा शोध सुरू. आधी जालन्याहून रबरी गमबूट आणले. घराजवळच्या हौदात उतरून पाहिलं तर वरून पाणी शिरलं आणि आप्पांना पाय उचलेना. "हे जोडे न्हाईत, ह्या दोन घागरी हायत," माय म्हणाली, "बुडायला बऱ्या." मग शाळेतल्या कवायतीचे कॅनव्हासचे बूट. पहिल्याच दिवशी शेवाळावरून घसरून आप्पा धुणाऱ्या बायकांपुढं नदीत बसले. टायरच्या चपला मजबूत होत्या, हायवेवरच्या गावात त्यांना काय तोटा. पण गाळानं त्या ओढून घेतल्या. एक सापडली, दुसरी गंगेनं ठेवून घेतली.

शेवटी आष्टीच्या बाजारात जुने फौजी बूट मिळाले. घोट्याच्या वरपर्यंत, जाड कातड्याचे, शिवण शाबूत. आत मात्र आधीच्या पायाचा ठसा होता, पाचही बोटांचे खळगे. मी विचारलं, "कुणाचे व्हते?" विकणारा म्हणाला, "ज्याचे व्हते त्याला आता लागत न्हाईत." आप्पांनी पाय घातला. "बराबर बसला," म्हणाले आणि हसले. कुठंच घट्ट नाही, कुठंच सैल नाही, दुसऱ्याच्या पायाच्या खळग्यांत माझ्या बापाची बोटं नेमकी जाऊन बसली होती.

पुढचं काम मायनं केलं. पाणी निघून जावं म्हणून आप्पांनी आरीनं बुटांना बाजूनं भोकं पाडली, पण शेवाळाचं काय? टांगेवाल्याकडून घोड्याच्या खोगिराखालचा जुना नमदा, दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा, आणून मायनं तो तळव्याला दाभणानं शिवला. ओला नमदा खडकाला असा धरायचा की आप्पा धारेत खांबासारखे उभे. चोहीकडं बुटांचं कौतुक सांगत फिरले.

पण त्या बुटांना आवाज नव्हता. आप्पा घरात यायचे ते कळायचंच नाही. चूल फुंकता फुंकता मायनं वर पाहावं तर दारात हे उभे, आणि फरशीवर ओले डाग, धड पावलासारखे नाहीत की कशासारखेच नाहीत. "खाकरत जावा की जरा," माय चिडायची. तिला ते बूट घरात नको वाटायचे. मलाही.

गावात कुरकुर झाली, मास्तर गंगेत पायताण घालून उतरतो म्हणून. आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "माझा बाप जोडे हातात घेऊन गावातून गेला. मी आता कुणासाठी काढणार न्हाई. माणसासाठी न्हाई, नदीसाठी न्हाई." मला त्यांचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

मग त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पाण्यावर दाट धुकं उतरलं. आप्पांचा पाय दोन खडकांच्या फटीत अडकला आणि वरच्या धरणातून सोडलेलं पाणी चढू लागलं. नाव जवळून जाताना त्यांना वल्ह्याचा आवाज आला. त्यांनी हाका मारल्या. वल्हं क्षणभर थांबलं, आणि मग जल्दी जल्दी लांब गेलं. कसाबसा पाय सोडवून ते घरी आले तेव्हा दातावर दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि माय नावाड्याला जाब विचारायला गेलो. तो खाली बघत म्हणाला, "आयकलं म्या. गुर्जीसारखाच आवाज व्हता. पण बाई, खडकावर जोड नव्हता. जोड नसताना पाण्यातून हाक आली तर ती माणसाची नसती. तिला ओ द्यायची न्हाई, असं माझ्या बापानं सांगितलंय." मी तावातावानं भांडणार होते. मायनं माझा हात दाबला.

घरी येऊन तिनं आप्पांची जुनी चप्पल त्यांच्यापुढं ठेवली. "बूट घालूनच उतरा. पण ही खडकावर ठेवत जावा."

"मी सांगितलंय ना तुला..."

"तुमच्या बापाला लोकांनी काढायला लावलं. मी काढा म्हणून राह्यले का? मी म्हणते, तुमाला कुणीतरी हाक मारावी." एवढं बोलून ती रडली. मायला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आप्पांनी चप्पल पिशवीत टाकली. तेव्हापासून रोज खडकावर ती चप्पल, रोज नावाड्याची हाक आणि पाण्यातून आप्पांचं "हाय, येतो". वारा इकडचा असला की आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायचं. ते ऐकल्यावर माय तवा ठेवायची.

पुढं एका उन्हाळ्यात आप्पा दिवस मावळायच्या जरा आधीच घरी परतले. घामानं भिजलेले, छातीवर हात. चप्पल खडकावरच विसरून आल्ते. ओसरीवर बसले. माय बुटांच्या नाड्या सोडायला लागली. एक बूट निघाला. दुसऱ्याची नाडी पाण्यानं आवळली होती, ती सुटेपर्यंत आप्पा गेले. दिवस मावळत होता. तिकडं नदीवर कुणी हाक मारली असेल तर त्या आकांतात आम्हाला ऐकू आली नाही.

सकाळी सगळे जमले. नावाडी लांबच उभा होता. मायनंच त्याला जवळ बोलावलं.

"बाई, काल दिवस मावळताना खडकावर चप्पल दिसली. म्या रोजच्यासारखी हाक मारली."

"मंग?"

"'हाय, येतो' म्हणले. म्हणून मी बिनघोर घरी गेल्तो. सकाळी कळालं की गुर्जी तवा..."

आप्पांनी मला शिकवलं की असं काही नसतं. मीही जन्मभर शाळेत पोरांना तेच शिकवलं. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे मी त्याच्या तोंडावर पाहिलं.

माझे काका चप्पल आणायला निघाले. मायनं त्यांना थांबवलं. रडून तिचा आवाज बसला होता.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," ती म्हणाली. "येतो म्हणलेत ना."