पुंजारामसाठी विणलेला मफलर

दया भिंगारदिवे तीस वर्षं राहात्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. गल्ली अजून त्यांना सिस्टरबाईच म्हणते. त्यांचे मालक, अब्राहाम मास्तर, नऊ वर्षांपूर्वी संध्याकाळी सायकलवरून घरी येत होते. ओढ्याजवळ कुठल्या तरी गाडीने त्यांना उडवलं. दोन तासांनी ते कुणाला तरी दिसले, तोवर गेले होते. गाडी सापडली नाही.

पुढच्या वर्षी पुंजाराम यायला लागला. जवळच्या वाडीवरचा टेम्पोवाला, शेतकऱ्यांचे पेरू बाजारात आणणारा. जाताना बाईंच्या दारात पेरू ठेवायचा, गॅसची टाकी आत आणून द्यायचा, रविवारी त्यांना चर्चला सोडायचा. भाड्याचं नाव काढलं की म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या बाई."

आठ वर्षं असं चाललं. गेल्या हिवाळ्यात बाईंनी त्याच्या गळ्याला ओला टॉवेल गुंडाळलेला पाहिला आणि त्याच दिवशी तपकिरी लोकर आणली. मी शेजारची. दुपारी गच्चीवर त्यांच्याजवळ बसायची. संधिवाताने बोटं वळत नव्हती, तरी विणणं चालूच. एकदा मधला एक टाका सुटलेला दिसला, तर त्यांनी वीतभर काम उसवलं.

"कोण बघतंय बाई?"

"मी बघितलाय ना आता."

नाताळच्या आदल्या शनिवारी सकाळी पुंजाराम टाकी घेऊन आला. मीही तिथेच होते. बाई म्हणाल्या, "डोकं खाली कर," आणि मफलर स्वतःच त्याच्या गळ्यात घातला. तो तसाच वाकून राहिला. मग त्याने मफलर काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि फरशीवर बसला.

"बाई, मास्तरांना माझ्याच टेम्पोनं उडवलं."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. बाई खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तू थांबला होतास?"

"व्हय. खाली उतरलो हुतो."

"ते शुद्धीवर होते?"

पुंजाराम बोटाने फरशी घासू लागला. बाईंनी पुन्हा विचारलं, अगदी दवाखान्यात विचारावं तसं.

"पानी मागितलं त्यांनी. मी भ्यालो. पळून गेलो."

बाई आत गेल्या. मला वाटलं रडतील. मोरीत नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ पाणी वाहत राहिलं. बाहेर आल्या तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते. "मी दवाखान्यातच होते त्या दिवशी," त्या मला म्हणाल्या. "दहा मिनिटांच्या रस्त्यावर." आणि पुंजारामला म्हणाल्या, "पोलीस ठाण्यात जा. हे सगळं तिथे सांग."

तो गेला. खरंच गेला. दोन दिवस बाई जेवल्या नाहीत. त्याने किती टाक्या उचलून आणल्या, किती रविवार चर्चला नेलं, हेच मोजत बसल्या. आठ वर्षांचे पेरू आपण खाल्ले, हे त्यांना सहन होईना. नाताळला त्या चर्चला गेल्या नाहीत.

पुंजाराम जामिनावर सुटला. त्याची बायको छबूबाई आली, पदर पसरून म्हणाली, "बाई, तुमी म्हनलात तर केस मिटंल. त्यांनी लई पस्तावा केलाय."

"केस मिटवणं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी मिटवली नसती," बाई म्हणाल्या. "मला बोलावतील तिथे मी जाणार. त्याने माझ्यासमोर जे सांगितलं, ते मी सांगणार."

छबूबाई उठली. ती दारापर्यंत पोचल्यावर बाईंनी खुर्चीवरची ती मफलरची घडी आणून तिच्या हातात दिली. इतके दिवस त्या घडीला कुणी हात लावला नव्हता.

"हा त्याच्या मापाचा आहे. पहाटे थंडी असते."

नंतर मी विचारलं, माफ केलं का? "माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "मला अजून ते पाणी मागताना ऐकू येतात."

कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी सोबत जाणार आहे.