बोर्डासमोर व्यंकटी सर

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा निकाल दुपारी लागला आणि चहाला उकळी यायच्या आत लातूरहून फोन आला.

"जय भीम, ताई! ओळखलं का? व्यंकटी सर बोलतोय, लातूरहून."

विशाखा सोनकांबळेने त्याआधीच ओळखलं होतं. बोलण्याआधी त्या माणसाला घसा खाकरायची सवय होती, आणि ते खाकरणं तिच्या कानात वर्षानुवर्षं मुक्कामाला होतं. पण जय भीम तिने त्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. कामापुरता जय भीम म्हणणाऱ्या माणसाचा 'भी'वर जरा जास्तच जोर पडतो, एवढं तिच्या लक्षात आलं.

"आपल्या लुंबिनीनं नाव काढलं! आता मुलाखतीची तयारी आपल्याकडंच. रिटायर अधिकाऱ्यांचं पॅनल बसवतो, सगळं मोफत. फक्त एक छोटासा सत्कार, एक फोटो. आपलीच लेक हाय."

"विचारून सांगते," म्हणून विशाखाने फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिली. चहा उतू गेला.

लेक लुंबिनी बी.एस्सी. झाली त्या उन्हाळ्यात विशाखा तिला घेऊन लातूरला गेली होती. व्यंकटी सरांच्या क्लासचं मोफत मार्गदर्शन शिबिर होतं. हॉल पोरापोरींनी गच्च भरलेला, पालक मागच्या खुर्च्यांवर. लुंबिनीने हात वर करून विचारलं, "सर, नोकरी करत करत हा अभ्यास जमतो का?" सरांनी विचारलं, "नाव काय तुझं?" ती म्हणाली, "लुंबिनी." "पूर्ण नाव सांग." तिने आडनावासकट सांगितलं. सर खाकरले आणि हॉलकडे बघत म्हणाले, "मग तुला कशाचं टेन्शन गं? तुम्हा लोकांना काय, पेनाचं टोपण उघडलं तरी पास!"

हॉल हसला. विशाखा उठून उभी राहिली. "सर..." एवढंच म्हणाली, तर ते म्हणाले, "मावशी, बसा. पालकांचे प्रश्न शेवटी." शेवटी आभार मानले, राष्ट्रगीत झालं, लोक चहाकडे गेले. पालकांच्या प्रश्नांची वेळ काही आली नाही.

परतीच्या गाडीने अहमदपूर गाठलं. मग लुंबिनी म्हणाली, "आई, शेंगदाणे घेऊ का?" पोरगी विसरली, असं विशाखाने धरलं आणि आठवण ठेवायचं काम एकटीच्या अंगावर घेतलं.

ते काम तिने चोख केलं. नायगावच्या पंचायत समितीत ती लिपिक, नांदेडहून रोज येऊन-जाऊन. बसमध्ये कोणी लातूरचा भेटला की फिरवून फिरवून व्यंकटी सरांचा विषय काढायची. क्लास मोठ्या इमारतीत गेला तेव्हा तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. ज्या वर्षी त्यांचं एकही पोरगं लागलं नाही, त्या वर्षी तिने घरात शिरा केला.

"कशाचा शिरा?" नवरा आनंदराज म्हणाला. तो एसटीत वाहक.

"सहज."

"सहज एवढं तूप?"

फोनची गोष्ट तिने रात्री जेवताना सांगितली. लुंबिनी घास चावत राहिली, मग म्हणाली, "जाऊया की. मला सराव पाहिजे. मोफत हाय."

"त्याच्या दारात?"

"आई, मुलाखत माझी हाय. तुझा बदला मागून घे."

"मागून म्हणजे कधी? त्याच्या बॅनरवर तुझा फोटो लागल्यावर? खाली तू टिकलीएवढी आणि वर तो छातीएवढा! अगं, एक दिवस गेलीस तरी जन्मभर 'आमची विद्यार्थिनी' म्हणून मिरवंल तो."

हे खोटं नव्हतं. असले क्लास पोरं घडवत नाहीत, पिकल्यावर तोडून नेतात, हे लातूर-नांदेडात शेंबडं पोरही जाणतं. लुंबिनीनेही ते नाकारलं नाही. तिने फक्त विचारलं, "मग पॅनल कुठून आणायचं?"

विशाखा म्हणाली, "घरात."

शेजारी मडिवाळप्पा राहत होते, मूळचे उदगीरचे, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि लेकीसारख्या पोरींना 'अव्वा' म्हणायची सवय. ते अध्यक्ष झाले. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली. आनंदराज ड्युटीवरून आला की दाराबाहेर उभा राहून खाकी शर्टातच पुकारायचा, "चला, पुढचा उमेदवार! सुट्टे पैसे हातात ठेवा!" आणि अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी, गळ्यात चष्मा अडकवून, विशाखा. ती व्यंकटी सर झाली होती.

ती नुसती त्यांच्या बाजूने बोलत नसे, ती ते होत असे. खाकरणं, पेन टेबलावर आपटणं, उमेदवाराकडे न बघता भिंतीकडे बघत बोलणं, सगळं. पहिल्याच दिवशी मडिवाळप्पांनी बरा प्रश्न टाकला, "देगलूरला प्रांत म्हणून गेलात. एक म्हातारा तक्रार घिऊन आला, तेलुगूशिवाय येत न्हाई त्याला. काय कराल?" लुंबिनी हसून म्हणाली, "आधी चहा सांगीन. मग बाजारातनं एखादा अडत्या बोलावीन, तिथं त्यांना मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही येतात. आणि पुढच्या म्हाताऱ्यापर्यंत मी थोडी तेलुगू शिकीन." मडिवाळप्पा खूश झाले. तेवढ्यात डावीकडून खाकरण्याचा आवाज आला.

"पूर्ण नाव काय म्हणालात? अच्छा! मग तुम्हाला कशाचं टेन्शन? पेनाचं टोपण उघडलं तरी पास."

लुंबिनी खुर्ची मागे सारून उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली. कडी लावली.

"वैनी," मडिवाळप्पा म्हणाले, "हे बोर्ड हाय का वैर हाय?"

"दिल्लीत कुणी विचारलं तर तिथंबी उठून जाणार का ती?"

"दिल्लीवाले इतकं मन लावून न्हाई विचारणार."

विशाखाने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशी तोच. लुंबिनी आता उठून जात नव्हती; उत्तर देत होती, आणि ते फार वाईट होतं. उत्तर बिनचूक असायचं. घटनेची कलमं, आयोगांचे अहवाल, आकडे, सगळं धडाधड. पण मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, शेवटचा शब्द तोंडावर फेकून मारल्यासारखा. विशाखाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अशीच तिला व्यंकटी सरांची जिरलेली बघायची होती.

मडिवाळप्पांनी चष्मा पुसला. "अव्वा, एक विचारू? हे उत्तर तू कुणाला दिलीस?"

लुंबिनीने आईकडे पाहिलं.

"मी हितं अध्यक्ष म्हणून बसलोय. तू माझ्याकडं एकदाबी बघितली न्हाईस. मार्क कोण देणार? मी देणार का लातूरचा देणार?" मग विशाखाकडे वळून म्हणाले, "वैनी, तुम्ही पोरीला दिल्लीला धाडायलात का लातूरला?"

विशाखाचा चेहरा उतरला. मडिवाळप्पा काका तिच्या वर्मावर बोट ठेवून मोकळे झाले होते. निवृत्तीच्या आदल्या दिवसापर्यंत सुनावण्या घेतलेला माणूस. कोण कोणाशी भांडतंय हे त्यांना कागद न वाचता कळायचं. ती उठून भाकरी टाकायला गेली. पहिली भाकरी करपली. दुसरी थापता थापता ती ओट्यापासूनच ओरडली, "लुंबिने, ते अहवाल-बिहवाल सोड. माझ्या ऑफिसात काय बघतीस तू? तेवढं सांग."

लुंबिनी दारात येऊन उभी राहिली. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती आईबरोबर नायगावला जाऊन तिच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. ती सावकाश म्हणाली, "घरकुलाची चौकशी करायला माणसं येतात. काही जण सरळ टेबलापर्यंत येतात. काही जण दारापाशी चपला काढून उभेच राहतात, दिवसभर. त्यांना तू आत ये म्हणतीस. तू नसलीस तर ते तसेच परत जातात. त्यांना आत बोलावता येणं हीसुद्धा गुणवत्ताच हाय. ती मोजणारा पेपर अजून निघाला न्हाई."

"हां!" बाहेरून मडिवाळप्पा ओरडले. "आता मार्क कापून दावा म्हणावं कुणालाबी!"

त्यानंतरही विशाखा रोज व्यंकटी सर होत राहिली. फरक इतकाच पडला, की आता लुंबिनी अध्यक्षांकडे बघून बोलायची. पुढे पुढे तर आईने खाकरलं की तिला हसूच यायचं. विशाखाला मात्र आलं नाही. पोरीच्या डोक्यातून काढलेलं सगळं तिने परत आपल्याच डोक्यात भरून घेतलं.

लातूरहून फोन येतच होते. ती "बघते, सांगते" म्हणायची.

दिल्लीला लुंबिनीबरोबर आनंदराज गेला. विशाखा ऑफिसात बसून एकाच अर्जावर पुन्हा पुन्हा शिक्का मारत होती. संध्याकाळी फोन आला.

"विचारला," लुंबिनी म्हणाली.

"तोच?"

"हाव. सभ्य भाषेत. आरक्षणानं गुणवत्तेचं काय होतं म्हणून."

"मग?"

"मग काय. तुझ्यापेक्षा लई मऊ विचारला त्यांनी."

अंतिम यादीत लुंबिनी सोनकांबळे हे नाव होतं. गल्लीत फटाके वाजले, बुद्धवंदना झाली, नायगावच्या ऑफिसातली माणसं जीप करून आली. आणि दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या गाडीतून व्यंकटी सर उतरले. मागे फोटोग्राफर, त्याच्या हातात शाल, नारळ, हार आणि पेढ्यांचा मोठा डबा.

"ताई, अभिनंदन! कुठं हाय आपली वाघीण?"

"अंघोळीला गेलीय. बसा." विशाखाने त्यांना टेबलाच्या एका बाजूला बसवलं आणि स्वतः समोर बसली. मडिवाळप्पा लुंगीवरच आले होते, ते शेजारी बसले. सरांनी मोबाइल पुढे केला. बॅनर तयार होता. वर सर, हाताची घडी घालून. खाली लुंबिनी. 'आमच्या मार्गदर्शनाचे यश.'

"फक्त एक फोटो शाल घालताना. छापायला टाकतो."

"देऊ की. आधी चार प्रश्न विचारते. तिचा वैकल्पिक विषय कोणता होता?"

सर हसले. "मराठी साहित्य. आपली पोरं तेच घेतात."

"मानववंशशास्त्र. तुमच्या क्लासला किती दिवस होती ती?"

"ताई, गुरू-शिष्याचं नातं दिवसांवर थोडंच मोजतात?"

"मग कशावर मोजतात?" मडिवाळप्पांनी गंभीरपणे विचारलं. "न्हाई, बोर्डाला समजलं पायजे."

फोटोग्राफर खिडकीबाहेर बघू लागला. सरांनी खाकरून घेतलं. या क्षणासाठी विशाखा इतकी वर्षं शब्द घासून ठेवत होती. पण तोंडून निघालं ते साधंच.

"तुम्हा लोकांना काय, पेनाचं टोपण उघडलं तरी पास. हे कोण म्हणालं होतं?"

"कोण म्हणालं?" सर खरंच दचकले. "लई चूक बोललं कुणी."

"तुम्ही. भरल्या हॉलमध्ये. माझ्या लेकीला."

त्यांनी आठवून पाहिलं. त्यांना आठवत नव्हतं. ते नाटक करत नव्हते, हे तिला स्पष्ट दिसलं आणि ती थंडच पडली. इतकी वर्षं तिने ज्याला उशाशी घेऊन काढली, त्याच्या गावीही ती नव्हती. असल्या हॉलमध्ये त्यांनी असली कितीतरी वाक्यं टाकली असतील आणि चहाला गेले असतील.

"गमतीत बोललो असेन, ताई. तसं असेल तर माफ करा. हात जोडतो." त्यांनी लगेच हात जोडलेही. "तो फोटो तेवढा..."

"फोटोसाठी मागितलेली माफी मला नको," विशाखा म्हणाली. "उचला तुमची शाल."

तेवढ्यात लुंबिनी बाहेर आली. केस ओले, अंगावर घरचाच ड्रेस. सर उठले. "बेटा, आईंचा काही गैरसमज..."

"न्हाई सर, गैरसमज नाही. चौथ्या रांगेत बसले होते मी. तुमच्या अंगात निळा शर्ट होता." ती अगदी शांत होती, अध्यक्षांशी बोलताना असायची तशी. "फोटो पाहिजे ना तुम्हाला? लावा की. माझी परवानगी हाय."

विशाखाने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"फक्त ते 'मार्गदर्शनाचे यश' काढा. त्या जागी तुमचं वाक्य छापा. टोपणाचं. खाली तुमचं नाव, त्याखाली माझा फोटो. तुमच्याकडनं मला तेवढंच मिळालं, तर तेवढंच छापा. सगळ्या लातुरात लावा. उद्घाटनाला मी स्वतः येते."

फोटोग्राफरने कॅमेऱ्यावर झाकण लावलं. सरांनी शाल काखेत मारली आणि ते निघाले. दारात चप्पल सापडेना, तर इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या आनंदराजने ती पायाने पुढे सरकवली आणि म्हणाला, "सावकाश. पायऱ्या उंच हायत."

गाडी गल्लीतून वळली. मग विशाखा म्हणाली, "तू विसरलीस असं वाटलं मला."

"तू विसरू कुठं देत होतीस?" लुंबिनी केस झटकत म्हणाली. "आणि शर्टाचा रंग तुला ठाऊक होता का? मला ठाऊक होता."

मडिवाळप्पांनी टेबलाकडे बोट केलं. "वैनी, त्यांचा पेढ्याचा डबा राहिला की. परत धाडू का?"

"कशाला?" विशाखाने डबा ओढून घेतला, दोरी दातांनी तोडली. एक पेढा अख्खा तोंडात टाकला आणि तो गिळायच्या आतच दुसरा उचलला. "चांगला हाय. खवा ताजा हाय. घ्या काका, बसा. सगळा संपवायचाय आपल्याला."