टिनाच्या शेडमधलं सिमेंट

फुलचूरला घर बांधायला काढलं तेव्हा मिस्त्रीला आम्ही फक्त मजुरीचं काम दिलं. माल आपणच घ्यायचा, आपणच सांभाळायचा, म्हणजे खर्च हातात राहील, असं ह्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. पण हे चिचगडला वनरक्षक, घरी यायचे ते रविवारी, तेही जंगलात काही निघालं नाही तर. माझी शाळा आमगावजवळ. सकाळी प्लॉटवर चक्कर मारून स्टेशन गाठायचं, संध्याकाळी उतरलं की पुन्हा प्लॉट. त्यामुळे माल सांभाळायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

भिंती दारं-खिडक्यांच्या वर, लिंटेलपर्यंत आल्या होत्या. एका सकाळी मी प्लॉटवरून निघणार, तोच सिमेंटचा ट्रक समोर उभा. मी ह्यांना फोन लावला.

"एवढं सिमेंट कायले मागवलं? स्लॅबला अजून वेळ आहे."

"भाव वाढून राहिला. दुकानदारानं सांगितलं. स्लॅबचं, प्लास्टरचं, सारं एकदमच घेऊन टाकलं."

छताची जागा एकच होती, अवजारं ठेवायचं टिनाचं शेड. हमालांनी फळ्या टाकून त्यावर थप्प्या लावल्या. भिंतीपासून हातभर लांब ठेवा, असं मी दहा वेळा सांगितलं असेल. माझी गाडी चुकली, पण माल आत गेला म्हणून जरा हायसं वाटलं.

ते फार टिकलं नाही. त्याच आठवड्यात रेती बंद झाली. नदीवरच्या रेतीघाटांचे लिलाव अडकले, चोरीची रेती पकडायला तहसीलच्या गाड्या फिरू लागल्या, आणि रेतीवाल्यांनी टिप्पर उभे करून ठेवले. ज्याला फोन करावा तो म्हणे, "अभी रुको मॅडम." मिस्त्री दोन दिवस भिंतींना पाणी मारत बसला, मग म्हणाला, "मॅडम, रेती नाही त मी इथं काय करून राहू? माझी माणसं उपाशी ठेवू का?" तो दुसऱ्या कामावर निघून गेला. त्याला दोष देता येत नव्हता.

सिमेंट मात्र कुठं जाणार? ते शेडमध्ये बसून जुनं होत होतं. रोज सकाळी मी कुलूप काढून पोत्यांवर अंगठा दाबून बघायची. मऊ लागलं की जीव भांड्यात पडायचा. कोपऱ्यातलं एखादं जरा टणक लागलं की दिवसभर वर्गात तेच. मुलं पाढे म्हणत असायची आणि मी खिडकीतून आभाळ बघत असायची.

आमच्या समोरच्या प्लॉटवर रेतीचा मोठा ढीग होता. तो एका काकींचा. बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान, घरात बोलणं हिंदी. त्यांचंही घर अडलं होतं, पण रेतीसाठी नाही. जिना आतून की बाहेरून, यावर दोन्ही मुलांचं जमत नव्हतं. काकी रोज दुपारपासून अंधार पडेपर्यंत खुर्ची टाकून ढिगाजवळ बसायच्या. ढिगावर निळी ताडपत्री, कडेला विटा.

शेवटी लाज सोडून मी विचारलं, "काकी, स्लॅबपुरती रेती द्याल का? घाट सुरू झाला की परत टाकते."

"नहीं देती," काकी म्हणाल्या. "आज तुम्हें दूँ, कल गली का हर आदमी घमेला लेके खड़ा रहेगा."

मी परत आले. मनातून फार राग आला होता.

फेब्रुवारी संपत आला होता. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आभाळ एकदम भरून आलं आणि धो धो पाऊस सुरू झाला, वाऱ्यासकट, वर गारा. शाळेच्या व्हरांड्यात गारा वेचायला मुलांची झुंबड उडाली. मला शेड आठवलं. शेडचे टिन नुसत्या तारेनं बांधलेले होते. मिस्त्रीनं फोन उचलला नाही. हे जंगलात, रेंज नाही. मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले, पण गाडी लेट. आमगावच्या फलाटावर ओल्या साडीत उभी राहून मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवतही नाही.

प्लॉटवर पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. शेडचा एक टिन उडून थेट रस्त्यावर पडला होता. मी धावतच आत गेले. थप्प्यांवर निळी ताडपत्री पसरलेली, वर विटा ठेवलेल्या. दारात काकी, पदर पिळत उभ्या.

मी समोर बघितलं. त्यांचा ढीग उघडा होता. रेतीची एक बाजू वाहून नालीत गेली होती.

"काकी, तुमची रेती..."

"रेत भीगी तो भी रेत ही है," त्या म्हणाल्या. "तुम्हारा सिमेंट तो पत्थर हो जाता. इतना मजबूत ताला काहे को लगाया? बगल के किराएदार के लड़के से तुड़वाना पड़ा."

मला रडू फुटलं. त्यांना ते आवडलं नाही. "पहले टिन लगवाओ," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून आल्या. "आधी रेत तो नाली में गई. बाकी तुम ले लो. पर वापस नदी की ही चाहिए, मिट्टीवाली नहीं."

मिस्त्रीला बोलावलं. रविवारी हेही आले. एकेक पोतं उघडलं. ताडपत्री पडायच्या आधी कडेची काही भिजली होती, त्यात गाठी झाल्या होत्या. बाकी माल कोरडा होता.

"चाळून घेऊ," मिस्त्री म्हणाला. "चालून जाते, मॅडम."

हेही म्हणाले, "फेकायचं काऊन? मिसळून टाकू ना, इतक्यात काय कळते?"

मी एक गाठ हातात घेऊन दाबली. फुटली नाही. या छताखाली आमची मुलगी झोपणार होती. "स्लॅबमध्ये हे जाणार नाही," मी म्हटलं. "पैसे वाचवायला आपण माल स्वतः घेतला, मान्य आहे. पण त्यासाठी मला रोज छताकडे बघत झोपायचं नाही."

ह्यांनी गाठ माझ्या हातून घेतली, दाबून पाहिली. मग स्वतःच ती पोती ओढून बाहेर नेली. अंगणात भरावाला टाकू म्हणाले. तेवढं नवं सिमेंट पुन्हा आणावं लागलं, आणि भाव अजिबात वाढलेला नव्हता. 

स्लॅब टाकून झाला. त्यानंतरचे दिवस अधिकच जड गेले. पाणी मारलं की मी खाली जाऊन सेंट्रिंगच्या फळ्यांवरचा प्रत्येक ओला डाग बघायची. सेंट्रिंग काढायच्या दिवशी मिस्त्री टेकूची एकेक बल्ली ठोकून काढत होता आणि मी रस्त्याच्या पलीकडे काकींच्या खुर्चीमागे उभी होते. शेवटची बल्ली पडली, छत जागच्या जागी राहिलं. काकी म्हणाल्या, "अब साँस लो."

घाट सुरू झाल्यावर मी रेतीचं टिप्पर काकींकडे पाठवलं. त्यांनी मूठभर रेती चोळून पाहिली, हाताला माती लागली, आणि गाडी तशीच परत पाठवली. दुसरी पसंत पडली. ती रेती ताडपत्रीखाली अजून तशीच पडून आहे. जिन्याचं त्यांच्या घरी अजून ठरलेलं नाही.