शिवलीला मॅडम हात लावत नाहीत

दोन हजार चारची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासचे मालक आण्णा तिथं शिकवणाऱ्या शिवलीलाला रोखठोक म्हणाले, "पोरी, आकारामकाका आज उठून गेलं, तर जावा प्रोग्रामिंगची बॅच बंद. मग तू हुपरीला तुझ्या घरला, मी माझ्या घरला."

आकारामकाका म्हणजे बावड्याकडच्या एका दूध संस्थेचे सेक्रेटरी. अर्धी बॅच त्यांनीच गोळा केलेली. आणि शिवलीलाला तर शिकवण्याचं भलतंच वेड! खडू हातात आला की तिला आभाळ ठेंगणं व्हायचं.

काकांनी प्रोग्राम लिहिला होता: फॅट कमी भरलं तर 'दूध परत', नाहीतर 'दूध घ्या'. कॉम्प्युटरनं तक्रार केली, एल्स म्हणजे 'नाहीतर' आहे, पण त्याचा इफ म्हणजे 'जर' नाही.

"न्हाय कसा? ह्यो काय समोर बसलाय की! डोळं फुटलं काय ह्या डबड्याचं?" काका गरजले आणि त्यांनी पिशवी उचलली.

दारातून आण्णा खुणावत होते, दुरुस्त करून टाक बाई! एक बटण दाबायचा अवकाश होता. शिवलीलाचा हात पुढं गेला आणि मागं आला. हुपरीला घरी चांदीचे पैंजण घडवायचं काम; आई पैंजणातली खोट कधी दाखवायची नाही. डोळे मिटून अंगठा फिरवायला लावायची. आपण हुडकलेली खोट पुन्हा होत नाही, हा तिचा हेका.

"काका, बसा. वाचत वाचत पडद्यावर बोट फिरवा. वाक्य संपलं की थांबा."

काका कुरकुरले, पण बोट फिरलं. इफ, कंस, फॅट, कंस बंद, सेमीकोलन. बोट थबकलं.

"आयला! वाक्य हितंच संपलं की! मग एल्स बिचारा कुणाला धरून येणार? पण मॅडम, वळीच्या शेवटी सेमीकोलन द्या म्हणून तुम्हीच सांगितलंय न्हवं?"

"काम सांगणाऱ्या ओळीला, काका. तुम्ही अट घातली आणि काम सांगायच्या आधीच तोंड मिटलं!"

काकांनी सेमीकोलन खोडला. प्रोग्राम पळाला. 'दूध घ्या' उमटलं आणि काकांनी अशी शिट्टी मारली की शेजारचा टेलर डोकावून गेला.

शिवलीला हरखली. त्याच भरात तिनं फळ्यावर नवं उदाहरण लिहिलं. इफ, कंस, अट, कंस बंद. आणि सेमीकोलन!

बॅच एका सुरात ओरडली, "मॅडम!"

तिनं दाराकडं पाहिलं. दारात आण्णा उभेच होते. तिनं डस्टर उचललं, तोच काका उठले.

"कुणी सांगायचं न्हाय! मॅडमनाच बोट फिरवू द्या!"

वर्ग हसून लोटपोट झाला. शिवलीलानं हसत हसत फळ्यावर बोट फिरवलं आणि बरोबर सेमीकोलनवर थांबवलं. आण्णांनी हसून हसून पाणावलेले डोळे पुसले आणि क्लासची किल्ली तिच्या टेबलावर ठेवली.

"उद्या तूच उघड. मी जरा उशिरा येतो."